अर्थ कळण्याआधीची आरती

भाद्रपद लागला की रायपुरात गल्लोगल्ली गणपती बसतात आणि दिवेलागणीला मंडपांतून जी आरती ऐकू येते ती मराठी असते. गाणाऱ्यांत मराठी माणसं थोडी. बाकीचे छत्तीसगढी आणि हिंदी बोलणारे, ओडिया, तेलुगू, सिंधी घरांतले. टाळ्यांचा ठेका चुकत नाही, चाल चुकत नाही, कडवं कुठे संपतं आणि आवाज कुठे चढवायचा हेही सगळ्यांना ठाऊक असतं. परंपरेने समर्थ रामदासांच्या नावावर असलेली ही आरती लता मंगेशकरांच्या आवाजात ध्वनिमुद्रित होऊन देशभर पोहोचली आणि महाराष्ट्राबाहेरच्या कितीतरी गावांत गणपतीची आरती म्हणजे हीच, असं ठरून गेलं. आरतीच्या पुस्तिकेची लिपी देवनागरीच. त्यामुळे हिंदी वाचणाऱ्याला जवळजवळ प्रत्येक अक्षर उच्चारता येतं. अडतो तो एकटा 'ळ', आणि तोही 'ल' होऊन वाट काढतो. वाचता येतं म्हणजे कळतंच असा समज मग सहज होतो. तो अर्धाच खरा असतो. सुख, दुःख, विघ्न, प्रेम, कृपा, चंदन हे शब्द दोन्ही भाषांना संस्कृतातून मिळालेले, म्हणून ते ओळखीचे वाटतात. निसटतात ती क्रियापदं. 'नुरवी' म्हणजे 'उरू देत नाही' हे हिंदी कानाला उमगण्याचं कारण नाही. 'पावावे' ऐकून त्याला 'पाना', म्हणजे मिळवणं, आठवणार. देव कोण, दिसतो कसा, हे ध्यानात येतं. त्याच्याकडे मागितलं काय, ते हातून जातं. आणि मागणं तर क्रियापदातच असतं.

यावर मराठी वाचकाने लगेच हळहळू नये. आपल्या घरची आरती कानावर घेऊन पाहावी. 'फणिवरबंधना' या शब्दाचं 'फळीवर वंदना' कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. संकटात पाव, असं मागणं असताना 'संकष्टी' पावायला सांगणारेही पुष्कळ. त्यानंतर एका दमात, वाढत्या वेगाने म्हटलं जाणारं 'घालीन लोटांगण' घ्या. त्याचं पहिलं कडवं मराठी आणि नामदेवांच्या नावावरचं. पुढची कडवी संस्कृत आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली. त्यांत एक भागवताच्या अकराव्या स्कंधातलं आहे, एक शंकराचार्यांच्या नावावरच्या अच्युताष्टकातलं. भाषा कुठे बदलली हे गाताना कुणाच्या लक्षातही येत नाही. शेवटी मंत्रपुष्पांजली. तिच्यातला मोठा भाग ऐतरेय ब्राह्मणातला, राज्याभिषेकाच्या संदर्भातला. राज्यांचे प्रकार त्यात मोजलेले आहेत आणि मरुत्त नावाच्या राजाच्या घरी देव कसे वावरत ते सांगितलेलं आहे. दिवाणखान्यातल्या दीड दिवसाच्या गणपतीपुढे लहान मुलंसुद्धा स्वर लांबवत हे सगळं म्हणतात. कुणाच्या राज्याची गोष्ट चालली आहे हे त्यांना माहीत नसतं, आणि बहुतेकदा त्यांच्या आईवडिलांनाही नसतं. म्हणजे रायपूरच्या मंडपातला ओडिया तरुण मराठी आरतीपुढे जिथे उभा आहे, तिथेच पुण्यातलं मराठी घर मंत्रपुष्पांजलीपुढे उभं आहे. न कळणाऱ्या भाषेत प्रार्थना करणं हा परमुलखात गेलेल्यांचा अपवाद नव्हे. प्रार्थनेची ही फार जुनी आणि सर्वसामान्य रीत आहे.

रायपूर या लेखासाठी निवडलं ते याच कारणाने, की तिथे ही रीत एकाच शहरात अनेक रूपांत दिसते. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर १७४१ साली रतनपुरावर चालून गेले, पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी तिथे राहून कारभार केला, आणि मराठी भाषा व मोडी लिपी छत्तीसगढच्या दप्तरात शिरली. १८१८ नंतर राजधानी रतनपुराहून रायपूरला आली, १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, पण मराठी घरं राहिली. त्यांच्या शेजारी बाकीचे आले. रायपूरजवळचं चंपारण हे वल्लभाचार्यांचं जन्मस्थान मानलं जातं. त्यांचं घराणं तेलुगू, त्यांनी ग्रंथ लिहिले संस्कृतात, संप्रदायाची कीर्तनं ब्रज भाषेतली, दर्शनाला येणारे वैष्णव बहुसंख्येने गुजराती, आणि आजूबाजूची गावं छत्तीसगढी. शहरातल्या विवेकानंद आश्रमात, रामकृष्ण संघाच्या इतर आश्रमांप्रमाणेच, संध्याकाळची आरती विवेकानंदांनी रचलेली म्हटली जाते. ती बंगालीत आहे, पण शब्द इतके संस्कृत की बंगालीपण एखाददुसऱ्या सर्वनामात आणि क्रियापदातच उरतं. हेच विवेकानंद नरेंद्रनाथ दत्त असताना, १८७७ च्या सुमारास, वडिलांच्या कामामुळे रायपुरात येऊन जवळपास दोन वर्षं राहिले होते. गुरुद्वाऱ्यात गुरू ग्रंथसाहिबातलं कीर्तन चालतं. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. तिथे एखादा मराठी शब्द कानावर पडला तर मराठी माणूस दचकतो, आणि शेजारचा पंजाबी माणूस तोच शब्द न अडखळता, कदाचित न कळता, भक्तीने ऐकत असतो.

यात काही बिघडतं का, हा प्रश्न आपल्याकडे अडीच हजार वर्षांचा तरी आहे. यास्काच्या निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्याचं मत नोंदलेलं आहे: मंत्रांना अर्थच नसतो. त्याची कारणं साधी आहेत. मंत्रातले शब्द बदलून चालत नाहीत, त्यांचा क्रम बदलून चालत नाही, कित्येक शब्दांचा अर्थ कुणालाच लागत नाही. अर्थ महत्त्वाचा असता तर समानार्थी शब्दाने काम भागलं असतं. यास्क हे मान्य करत नाही. खांब आंधळ्याला दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे, असं तो म्हणतो, आणि वेद पाठ करून अर्थ न जाणणाऱ्याला ओझं वाहणारा खांब ठरवतो. कौत्सानंतर फार उशिरा, विसाव्या शतकात, फ्रिट्स स्टाल या डच अभ्यासकाने जवळजवळ त्याचीच बाजू घेतली. १९७५ साली केरळात पांजाळ इथे झालेला अग्निचयन हा वैदिक विधी त्याने बारकाईने अभ्यासला आणि विधी म्हणजे नियमांचा खेळ, मंत्र म्हणजे नियमबद्ध ध्वनी, अर्थ शोधणं हीच मुळात चूक, असं मांडलं. त्याआधी १९६८ मध्ये स्टॅन्ली तांबिया या मानववंशशास्त्रज्ञाने बौद्ध विधींचा दाखला दिला होता. त्यांत भिक्षू परित्राणपाठ पालीत म्हणतात, तो समोरच्या माणसाने ऐकायचा असतो पण त्याला तो कळत नसतो. आणि उपदेश मात्र लोकांच्या भाषेत होतो. दोन भाषांमध्ये कामाची वाटणी झालेली असते. तांबियाची ही वाटणी मला स्टालच्या निवाड्यापेक्षा मोलाची वाटते. पुढच्या सगळ्या विवेचनात तीच कामी येणार आहे.

कौत्साच्या म्हणण्यातला खरा भाग आधी मान्य करायला हवा. कळणाऱ्या भाषेतली प्रार्थना तरी आपण प्रत्येक वेळी समजून कुठे म्हणतो? एखादा शब्द भराभर पुन्हा पुन्हा उच्चारला की काही क्षणांत त्याचा अर्थ विरतो आणि नुसता आवाज उरतो. लिओन जेकोबोव्हिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९६२ च्या आपल्या प्रबंधात हे तपासलं आणि त्याला नावही दिलं. पण जप करणाऱ्याला हे आधीपासून माहीत होतं. नामस्मरणाला अर्थाचा विचार करत बसण्याची गरज नाही, असंच वारकरी मानतो. मग शब्द आपल्या भाषेतला की परका, हा फरक रोजच्या प्रार्थनेत वाटतो तेवढा मोठा उरत नाही. उरतात त्या इतर गोष्टी, आणि त्या कमी मोलाच्या नाहीत: एकत्र उभं राहणं, एकाच वेळी श्वास घेणं, आवाज इतरांच्या आवाजात मिसळणं, हेच शब्द आजीनेही म्हटले होते ही जाणीव. शहरात नव्याने आलेल्याला आरतीच्या टाळ्यांत शिरायला व्याकरण लागत नाही. उलट प्रार्थनेची भाषा कुणा एकाच्या घरची नसेल तर तिथे सगळे सारखेच परके, म्हणून सगळे सारखेच हक्काचे असतात. पाली, संस्कृत, अवेस्ता, हिब्रू, कुराणाची अरबी या भाषा इतक्या दूरदूरच्या लोकांना बांधून ठेवू शकल्या, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

पण इथेच कौत्स आणि स्टाल यांना आपलं 'फळीवर वंदना' दाखवावंसं वाटतं. अर्थ अनावश्यक असता तर लोकांनी 'फणिवरबंधना' हा ध्वनी जसाच्या तसा सांभाळला असता. तसं झालं नाही. वेदपाठी घराण्यांनी पद, क्रम, जटा, घन अशा पाठांच्या गुंफणीने एकेक स्वर जपला खरा, पण त्यासाठी बालपणापासून वर्षानुवर्षं गुरूपुढे बसावं लागलं. सामान्य माणसाकडे ती सोय नसते. न कळलेला शब्द त्याच्या तोंडात फार काळ टिकत नाही. जीभ त्याला ओळखीच्या शब्दाकडे ओढून नेते. आणि ओढून नेते ती कुठे? निरर्थक आवाजाकडे नाही. फळी घरात असते, वंदन देवापुढे असतं. देव फळीवर ठेवलेला असू शकतो. 'संकष्टी' तर थेट गणपतीच्या चतुर्थीचं नाव. म्हणजे चुकणाऱ्यानेही अर्थच शोधला, त्याला सापडला तो जवळचा. या चुकांत मला अज्ञान दिसत नाही, अर्थाची भूक दिसते. ती भूक खोटी असती तर चुका कशाही, कुठेही झाल्या असत्या.

तेव्हा, न कळता प्रार्थना होते, आणि तरी माणसाला अर्थ हवा असतो, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मग आक्षेप नेमका कशाला घ्यायचा? इथे मराठी परंपरेने फार स्पष्ट उत्तर दिलेलं आहे, पण आपण ते बरेचदा चुकीचं वाचतो. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीता मराठीत आणली ती संस्कृत कठीण म्हणून, असं शाळेत शिकवलं जातं. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातली तक्रार वेगळी आहे. वेद संपन्न आहे, पण त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला, असा तिचा आशय. तक्रार कठीणपणाची नाही, कंजूषपणाची आहे. महानुभाव पंथात केशवराजांनी चक्रधरांचं सांगणं संस्कृतात मांडायला घेतलं तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं, ते पंथातल्या म्हाताऱ्या बायाबापड्या त्याला मुकतील या काळजीने. ही आठवण 'स्मृतिस्थळा'त आहे. दोन्ही ठिकाणी रोख एकच: ध्वनी अनोळखी असण्यावर राग नाही, अर्थाला कुलूप घालण्यावर आहे. न कळणं निराळं आणि कळू न देणं निराळं. माझा सगळा युक्तिवाद या एका फरकावर उभा आहे, म्हणून तो एका घटनेतून नीट पाहू. एकोणिसावं शतक संपता संपता कोल्हापुरात शाहू महाराज कार्तिकस्नानाला पंचगंगेवर जात. पुरोहित मंत्र म्हणत होता. सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांच्या कानांनी ओळखलं की हे वेदोक्त मंत्र नाहीत, पुराणोक्त आहेत. म्हणजे पुरोहिताच्या लेखी महाराज क्षत्रिय नव्हेत, शूद्र आहेत. त्यातून वेदोक्त प्रकरण उभं राहिलं आणि महाराष्ट्राच्या सामाजिक राजकारणाची दिशा बदलली. स्वतः छत्रपतींच्या डोक्यावर पाणी पडत असताना, त्यांच्याच नावाने चाललेल्या मंत्रांत त्यांचा अधिकार नाकारला जात होता, आणि भाषा जाणणारं कुणी शेजारी नसतं तर ते कळलंही नसतं. न कळणाऱ्या प्रार्थनेतला धोका हा असा असतो. भक्ती कमी पडत नाही. आपल्या तोंडून किंवा आपल्या नावाने काय म्हटलं जातंय, त्यावरचा ताबा जातो.

यावरून एक सीमा आखता येते. प्रार्थनेतले शब्द दोन तऱ्हांचे असतात. काही नमस्काराचे: स्तुती, शरण जाणं, मंगल चिंतणं. काही बांधून घेण्याचे: शपथ, व्रत, लग्नातली वचनं, दीक्षेतल्या प्रतिज्ञा. नमस्कार न कळत्या भाषेत होऊ शकतो, कारण त्यात माणूस स्वतःला अर्पण करतो आणि ते अर्पण शब्दांच्या आधीच झालेलं असतं. वचन न कळत्या भाषेत देता येत नाही. ज्याचा अर्थ ठाऊक नाही ते पाळणार कसं? जोतीराव फुल्यांनी हे नेमकं हेरलं. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाल्यावर भटजीशिवाय विवाह लावायची पद्धत सुरू झाली आणि फुल्यांनी मंगलाष्टकं मराठीत रचली, त्यात वधू-वर एकमेकांशी बोलतात, अटी घालतात, कबुली देतात. लग्न हा करार आहे, तेव्हा करार करणाऱ्यांना त्याची भाषा यायलाच हवी. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी ही सीमा आणखी ठळक केली. त्रिशरण आणि पंचशील पालीत, कारण बर्मा, सिंहलद्वीप, सयाम इथल्या बौद्धांशी नातं त्या ध्वनीने जुळतं. आणि त्यानंतर त्यांनी जमलेल्या लाखोंकडून म्हणून घेतलेल्या २२ प्रतिज्ञा मराठीत, कारण जुना धर्म सोडताना आपण नेमकं काय सोडतो आहोत हे एकेका माणसाला स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या भाषेत उच्चारायचं होतं. पंचशीलही वचनच आहे, मग ते पालीत का, असं कुणी विचारेल. म्हणूनच त्याचा अर्थ घरोघरी शिकवण्यावर पुढे इतका भर राहिला, आणि वंदनेच्या पुस्तिकांत पालीखाली मराठी अर्थ छापला जातो.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप असा: इतकी खटपट कशाला, सगळ्या प्रार्थना सरळ मातृभाषेत आणाव्यात. प्रार्थना समाजाने १८६७ पासून मुंबईत तेच केलं आणि त्याचं फळ चांगलं आहे. पौल प्रेषितानेही करिंथच्या मंडळीला लिहिताना अनोळखी भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बरे मानले. हा विचार मला पटतो, पण तो सक्तीने लादला की काय होतं तेही पाहायला हवं. तुर्कस्तानात १९३२ मध्ये अजान अरबीऐवजी तुर्कीत द्यायचा हुकूम निघाला. शब्द आता प्रत्येकाला कळत होते. १९५० मध्ये बंदी उठली आणि मिनारांवरून अरबी अजान पुन्हा घुमू लागली. आठव्या शतकातल्या इमाम अबू हनीफांच्या नावावर नमाज फारसीत म्हणण्याची सवलत सांगितली जाते, म्हणजे भाषांतराला धर्मातच आधार नव्हता असं नाही. तरी लोकांनी परत घेतली ती अरबीच. कारण अर्थ वरून दिला गेला होता आणि ध्वनी हिसकावून घेतला होता. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये लॅटिनऐवजी लोकभाषांना मोकळीक दिली. छत्तीसगढच्या उत्तरेकडच्या आदिवासी गावांत हिंदीतून आणि स्थानिक बोलींतून उपासना होऊ लागली, ही फार मोठी गोष्ट झाली. तरी जगभर काही श्रद्धावान जुन्या लॅटिन विधीसाठी मागणी करत राहिले, २००७ मध्ये पोपनी त्यांना सवलत वाढवून दिली आणि २०२१ मध्ये त्यांच्यानंतरच्या पोपनी ती पुन्हा आवळली. त्या मागणीला नुसता हटवाद म्हणणं अन्यायाचं होईल. भाषांतरात अर्थ येतो, पण आवाजाची झीज, घासून गुळगुळीत झालेले उच्चार, पूर्वजांच्या तोंडची चव येत नाही. आजीची आरती आजीच्या चुकांसकट हवी असते.

म्हणूनच ज्या परंपरांनी जुनी प्रार्थनाभाषा टिकवली, त्यांतल्या शहाण्या परंपरांनी तिच्या हाताच्या अंतरावर अर्थ सांगणारा कुणीतरी बसवला. ही नुसती सोय नव्हे, त्या परंपरांच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. गुरुद्वाऱ्यात कीर्तनानंतर ग्रंथी कथा करतो, शबदाचा अर्थ उलगडतो. मशिदीत जुम्म्याच्या अरबी खुतब्याआधी लोकांच्या भाषेत बयान होतं. प्राचीन यहुदी सभास्थानात हिब्रू वाचनासोबत अरामी भाषेत अर्थ सांगणारा उभा असे. आणि कोकण किनाऱ्यावरच्या बेने इस्रायलांनी तीच वाट धरून पेसाहच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह १८७४ मध्ये पुण्यात छापली. वारकरी कीर्तनकार अभंगाचा एकेक चरण घेऊन त्यावर तासभर निरूपण करतो, तेव्हा तोही हेच करत असतो, कारण तुकोबांची मराठीसुद्धा आता प्रत्येक श्रोत्याला आपोआप कळत नाही. गणपतीच्या मंडपात मात्र हा माणूस नाही. आरती आहे, प्रसाद आहे, रायपुरात तर विसर्जनाच्या रात्रीच्या प्रसिद्ध झाँक्याही आहेत. पण मधे थांबून अर्थ सांगायची प्रथा कुठेच पडलेली नाही, महाराष्ट्रातही नाही. मंत्रपुष्पांजली संपली की हात पुढे होतात ते प्रसादासाठी.

रायपूरपुरतं पाहिलं तर हे काम करणारा माणूस तिथे होऊन गेलेला आहे. माधवराव सप्रे, जन्म १८७१, दमोह जिल्ह्यातलं पथरिया. मराठी घर, कर्मभूमी छत्तीसगढ, लेखणी हिंदी. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं. पुढे नागपुरात 'हिंदी केसरी' चालवताना १९०८ मध्ये अटक झाली, माफी लिहून देऊन सुटका झाली, आणि त्या माफीचा सल त्यांना इतका लागला की ते रामदासी साधूंच्या सहवासात भिक्षेवर राहून दासबोधाच्या अभ्यासात बुडाले. रायपूरला परतले आणि त्यांनी दासबोध हिंदीत आणला. टिळकांचं 'गीतारहस्य' मराठीत १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं, त्याचा हिंदी अनुवादही त्यांचाच. १९२६ मध्ये रायपुरातच ते वारले. त्यांना दासबोध मूळ मराठीत कळत होता; स्वतःच्या सांत्वनासाठी त्यांना अनुवादाची काहीच गरज नव्हती. गरज होती ती शेजाऱ्यांना. दासबोधाची सुरुवात श्रोत्यांच्या चौकशीने होते: हा ग्रंथ कोणता, यात सांगितलंय काय, ऐकून मिळतं काय? विचारणाऱ्याला गप्प न करता रामदास पहिल्याच समासात उत्तर देऊ लागतात. सप्र्यांनी तेच उत्तर त्या प्रदेशातल्या भाषेत पोहोचवलं, वीस दशक, दोनशे समास.

आणि तेच रामदास रायपूरच्या मंडपात दर भाद्रपदात मराठीत गायले जातात. आरती मराठीच राहावी, असं मला वाटतं. ती तशी गाण्यात गाणाऱ्यांनी दाखवलेला मोठेपणा आहे आणि तो काढून घेऊ नये. फक्त पुस्तिकेच्या ओळींमधली मोकळी जागा वापरायची आहे. 'नुरवी'च्या खाली बारीक टाइपात 'शेष नहीं रहने देता'. 'पावावे'च्या खाली 'सहायता के लिए आओ'. मराठी घरांसाठी निघालेल्या प्रतीत 'फणिवरबंधना'च्या खाली, 'ज्याने नागाचा कमरपट्टा बांधला आहे तो'.